लाईन गेली का जपान येते

आमच्याकडं विजेला लाईन म्हणतात. लाईन आली, लाईन गेली, लाईन डीम हाय. तर परवा संध्याकाळी सातच्या सुमारास लाईन गेली, साऱ्या गावातून जो एक "अऽऽरे" निघतो तो निघाला, आणि मी मात्र जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला. आई ओसरीत बसली होती, शेजारच्या काकूला म्हणते, "लाईन गेली का आमच्या पोट्ट्याचा जपान येते वं बाई." काकूला काही समजलं नाही, ती हो हो म्हणून हसली. गावात आता बऱ्याच जणांना वाटते की मी रात्री जपानशी काहीतरी धंदा करतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

मी राहतो यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं, लहानसं गाव आहे. दिवसा सेवा केंद्र चालवतो, सातबारा, पीक विमा, केवायसी, अंगठा नाही लागला तर पुन्हा लावा, हेच. बाबा वावर पाहतात. ज्या लॅपटॉपवर दिवसभर कास्तकारांचे फॉर्म भरतो त्याच लॅपटॉपवर रात्री हॅम रेडिओचे सिग्नल डीकोड करतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन लायसन्स घेतात, स्वतःचं कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळते आणि जगात कुठंही स्वतःच्या अँटेनावरून बोलतात. आपल्या देशाचे कॉलसाईन व्हीयू ने सुरू होतात. राजीव गांधी पण हॅम होते, व्हीयू२आरजी, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. मी अजून हॅम नाही. मी फक्त ऐकतो, आणि खरं सांगायचं तर मी ऐकत पण नाही, कॉम्प्युटर ऐकतो आणि मी वाचतो.

याची सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये झाली. केंद्र बंद, डोकं रिकामं. नेटवर भटकता भटकता नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर सापडला, म्हणजे तिकडं ठेवलेला रेडिओ आपण इथं ब्राऊझरमध्ये बसून हवा तिथं फिरवायचा. हे २००८ पासून चालू आहे आणि मला बारा वर्षांनी कळलं. फिरवता फिरवता ७.०७४ मेगाहर्ट्झवर आलो तर एक भलताच आवाज. लग्नात दहा सनईवाले एकाच वेळी सूर लावून पाहतात ना, कोणाचा वर कोणाचा खाली, तसं. आणि मधेच सगळे एकदम चूप. दोन सेकंद गेले की पुन्हा सगळे एकदम सुरू. मला वाटलं रेडिओ बिघडला. शोधलं तेव्हा समजलं की याला एफटी८ म्हणतात.

एफटी८ हे २०१७ चं पोरगं आहे. त्याच्या मागं दोन माणसं, स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर, एकाचा एफ आणि दुसऱ्याचा टी. हे टेलर म्हणजे तेच ज्यांना रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं, दोन ताऱ्यांच्या जोडीतला पल्सार (रेडिओचे ठोके देणारा तारा) शोधल्याबद्दल. आकाशातून येणारा एकदम बारीक सिग्नल गोंगाटातून उपसून काढण्यात आयुष्य गेलं, तर तीच अक्कल त्यांनी हौशी लोकांच्या कामी लावली आणि सॉफ्टवेअर फुकट देऊन टाकलं. डब्ल्यूएसजेटी-एक्स नाव आहे. नोबेलवाल्या माणसानं बनवलेलं सॉफ्टवेअर आमच्या गावात, पीक विम्याच्या फोल्डरच्या बाजूला पडलेलं आहे, याची मला आजही गंमत वाटते.

आता हे चालते कसं ते सांगतो, कारण खरी मजा तिथंच आहे. वावरात तुम्ही या टोकाला आणि दुसरा गडी त्या टोकाला, मधात वारा सुटलेला. तो ओरडतो. तुम्हाला ऐकू काय येते, "...टर... बं... कर". आणि तुम्ही जाऊन मोटर बंद करता. पूर्ण शब्द एकही आला नाही तरी चुकत नाही, कारण वावरात एकमेकाला ओरडून सांगायच्या गोष्टीच मुळात आठ-दहा. मोटर चालू कर, बंद कर, जेवाले ये, ढोरं घुसले. तो काही तिकडून कविता म्हणणार नाही हे तुम्हाला आधीच माहीत असते. एफटी८ मधे पण तसंच, काय बोलायचं ते आधीच ठरलेलं: माझं कॉलसाईन, तुझं कॉलसाईन, माझा चौकोन (नकाशावरची जागा), तुझा सिग्नल इतका आला, पोचलं, नमस्कार. आपल्या मनानं लिहायचं म्हटलं तर फक्त १३ अक्षरं मिळतात. एवढं सगळं ७७ बिटमध्ये बसते. मग त्याला तपासणीचे १४ बिट जोडतात आणि चूक दुरुस्त करायला आणखी ८३, असे होतात १७४, म्हणजे माल कमी आणि पॅकिंग जास्त. ते ८ वेगवेगळ्या सुरांमध्ये पाठवतात, प्रत्येक सूर ०.१६ सेकंदाचा, असे ७९ सूर, हिशोब केला तर १२.६४ सेकंद होतात. प्रत्येक मिनिटाला ०, १५, ३० आणि ४५ व्या सेकंदाला सगळं जग एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. मला जे दोन सेकंदाचं चूप ऐकू आलं होतं ते हेच. तेवढ्यात कॉम्प्युटर हिशोब लावतो आणि पडद्यावर ओळी टाकतो.

आणि ओळी येतात त्या कशा सिग्नलच्या? समोर लिहून येते उणे १८, उणे २०. उणे २० डीबी म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या शंभराव्या भागाएवढा. आता इथं थोडी मेख आहे, ती सांगितली पाहिजे नाहीतर लोक उगाच चमत्कार म्हणतात. हा गोंगाट मोजतात २५०० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात आणि सिग्नल बसलेला असतो फक्त ५० हर्ट्झच्या बारक्या पट्टीत. तेवढ्याच पट्टीपुरतं पाहिलं तर तो गोंगाटाच्या साधारण निम्मा भरतो. तरी निम्माच, कानाला काही लागत नाही, पण कॉम्प्युटर ओळ काढून देतो.

तर मला वाटलं नेदरलँड्सच्या रेडिओवर काय ऐकायचं, आपल्या घरी आपल्या तारेवर ऐकू. सामान गोळा केलं. एक यूएसबी डोंगल घेतलं, साधारण क्विंटलभर सोयाबीनच्या पैशात आलं. हे डोंगल मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही पाहायचं, आत आरटीएल२८३२यू नावाची चिप. २०१२ मधे लोकांच्या लक्षात आलं की ही चिप टीव्हीच काय, तिच्या पट्ट्यातलं काहीही कच्च्या आकड्यांमध्ये कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि तिथून स्वस्तातल्या एसडीआरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या रेडिओचं, सगळं सुरू झालं. मी घेतलेलं त्याचंच सुधारलेलं, खालचे शॉर्टवेव्हचे पट्टे पण घेते. अँटेनासाठी ७ मेगाहर्ट्झचा डायपोल. हिशोब सोपा, १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, लांबी मीटरमध्ये येते. २०.२ मीटर, म्हणजे मधोमध तोडून दोन्हीकडं दहा-दहा मीटर आणि वर चार बोटं. तार आणली मोटर वायंडिंगच्या दुकानातून, जळालेल्या मोटरची निघालेली तांब्याची, वजनावर. केबल जुन्या डिशची. एक टोक कडुलिंबाला, दुसरं वावराच्या धुऱ्यावर गाडलेल्या बल्लीला. बाबा म्हणे, "कपडे वाळत घालाले एवढी मोठी दोरी?" मी म्हटलं हो.

पहिले चार दिवस एक ओळ आली नाही. अक्षरशः एक नाही. पहिली चूक तारेची. वायंडिंगच्या तारेवर वार्निश असते, ते टोकाला खरवडल्याशिवाय तांबं लागतच नाही, आणि मी दोन दिवस वार्निशला वार्निश जोडून जपानची वाट पाहत होतो. मोटर वायंडिंगवाल्याला सांगितलं तर तो इतका हसला की अजूनही दुकानासमोरून गेलो की विचारतो, "खरवडलं का?" दुसरी चूक, ७ मेगाहर्ट्झवर बोलणारे लोक लोअर साईडबँड (सिग्नलची खालची बाजू) वापरतात असं वाचलं होतं म्हणून मी पण लोअर लावून बसलो. एफटी८ मात्र सगळीकडं अप्पर साईडबँडवरच चालते. लोअर लावलं की सगळे सूर उलटे होतात, वरचा खाली खालचा वर, कॉम्प्युटरला काय घंटा समजणार.

तिसरी चूक माझी नव्हती, लॅपटॉपची होती, आणि तिनंच जास्त रडवलं. आता वॉटरफॉलवर, म्हणजे त्या सरकत्या रंगीत पडद्यावर, उभे पट्टे एकदम स्वच्छ दिसायला लागले होते. बाजरीच्या तासासारखे. दिसून राह्यले आहेत पण ओळ येत नाही. सगळे सेटिंग तपासले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, डोंगलला शिव्या दिल्या. मग एका रात्री मोबाईलचं घड्याळ आणि लॅपटॉपचं घड्याळ शेजारी शेजारी दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला, लॅपटॉप सात सेकंद मागं! आतला छोटा सेल मेलेला, त्यामुळं बंद केला की घड्याळ भरकटायचं. सगळं जग शून्य, पंधरा, तीस, पंचेचाळीसवर चालते म्हटलं ना, तर ज्याचं घड्याळ दोन-तीन सेकंद पण इकडंतिकडं तो त्या मेळ्यात बहिरा. फॉर्म भरताना सात सेकंदानं काय फरक पडते, काहीच नाही, म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून टाईम सिंक केला आणि पुढच्याच पंधरा सेकंदात पडद्यावर एकदम अकरा ओळी पडल्या.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वायबी म्हणजे इंडोनेशिया. जेए म्हणजे जपान. एचएस थायलंड. एक ९एन, नेपाळ. मी बायकोला उठवलं, तिनं एक डोळा उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय होय, कोणाचे खाते नंबर आहेत का?" तसं दिसते खरं. मी तिला सांगितलं की हा माणूस सहा हजार किलोमीटरवर बसला आहे आणि याची लाट आत्ता आपल्या लिंबाच्या झाडावर येऊन पोचली. ती म्हणाली छान आहे, आणि कूस बदलली.

या ओळींमध्ये कॉलसाईनच्या मागं चार अक्षरांचा चौकोन असतो. साऱ्या पृथ्वीचे असे चौकोन पाडलेले आहेत, दोन अंश रुंद आणि एक अंश उंच. आमचा एमएल८०. अमरावती पण याच्यातच. यवतमाळ, वर्धा, हिंगणघाट बाजूच्या एमएल९० मधे. नागपूर त्याच्या डोक्यावर, एमएल९१. पीएसके रिपोर्टर नावाच्या नकाशावर कोणी कोणाला ऐकलं ते जगभरातले कॉम्प्युटर आपोआप टाकत असतात, माझा पण टाकतो. पहिल्या दिवशी त्या नकाशावर विदर्भाच्या जागी एकटाच ठिपका पाहून जो काही आनंद झाला तो सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखा.

आता येतो लाईनच्या भानगडीवर, ज्याच्यासाठी हे सारं लिहायला घेतलं.

लोकांना वाटते खेडं म्हणजे शांत. शहरापेक्षा गोंगाट कमी असणारच, रेडिओ मस्त लागत असेल. अरे बाप्पा, या एकदा आमच्याकडं. स्वस्तातला एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, डिशचा डबा, यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि तिचे शिंतोडे पार शॉर्टवेव्हपर्यंत उडतात. त्याच्यावर आता वावरावावरात सोलर पंप, त्याचा कंट्रोलर तर दिवसभर असा कण्हतो की उन्हात दुपारी काही ऐकायचं नावच नको. त्यात गावाचे तार जुने, डीपीवरचे सांधे ढिले, पहिल्या पावसात ते करकरतात. या सगळ्याचा मिळून वॉटरफॉलवर एक पिवळा धूर पसरलेला असतो. आणि लाईन गेली की तो धूर एका क्षणात खाली बसतो. मी मोजलं आहे, माझ्याकडं वीस डीबीच्या आसपास फरक पडतो. वीस डीबी म्हणजे गोंगाट शंभर पट कमी. लाईन असताना ज्या पट्ट्यावर पाच-सहा ओळी येतात त्याच पट्ट्यावर लाईन गेली की पंचवीस-तीस येतात. तेव्हा मला लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ आहे, आणि तालुक्यात ते वाचून खुश होणारा बहुतेक मी एकटाच.

आमच्या घरी इन्व्हर्टर आहे हा यातला मोठा पेच. लाईन गेली की इन्व्हर्टर लागतो, आणि आमचा स्वस्तातला, त्याची वीज अशी खडबडीत की लाईनपेक्षा जास्त गोंगाट तोच करतो. म्हणजे जपान ऐकायचा तर इन्व्हर्टर बंद पाहिजे. इन्व्हर्टर बंद म्हणजे पंखा बंद. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत तापलेल्या स्लॅबच्या घरात. बायको म्हणाली, "तुम्ही एक ठरवा, जपान पाहिजे का पंखा." शेवटी तह झाला, लाईन गेल्यावर पहिले वीस मिनिटं माझे, तेव्हा सगळे अंगणात बाजा टाकून बसतात, मग इन्व्हर्टर. आणि खरं सांगू का, त्या वीस मिनिटांत अंगणात जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या एरवी आठवडाभर होत नाहीत. मी त्यात नसतो, मी आत घामानं भिजून ओळी वाचत असतो, ते वेगळं.

पण गेल्या पावसाळ्यात एक नवीनच पाहुणा आला. टक्. टक्. टक्. लाईन असो नसो, दिवस असो रात्र असो, साधारण सव्वा सेकंदाला एक, वॉटरफॉलवर आडवी रेघ, काट्यानं ओढल्यासारखी. एवढा जोरात की डोंगलचं पोट भरायचं, ते आठच बिटचं असते बिचारं, आणि प्रत्येक टकनंतर ऑटोमॅटिक आवाज खाली यायचा आणि तेवढ्यात बारीक सिग्नल मरायचा. ते ऑटोमॅटिक (एजीसी म्हणतात त्याला) बंद करून पाहिलं, निम्मा फरक पडला. उरलेला निम्मा मला झोपू देईना.

लाईन नसताना पण चालू म्हणजे बॅटरीवर चालणारं काहीतरी. आणि आमच्याकडं पावसाळ्यात बॅटरीवर, सेकंदा-सव्वा सेकंदाला, रात्रंदिवस चालणारी एकच गोष्ट आहे. झटका मशीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रानडुकरं आणि रोही पीक ठेवत नाहीत म्हणून वावराभोवती तार ओढतात आणि त्यात हे मशीन थांबून थांबून क्षणभराचा झटका सोडते. जनावर दचकते, मरत नाही. (काही लोक सरळ लाईनचा करंट तारेत सोडतात, त्यात माणसं मेली आहेत आमच्या भागात, ते झटका मशीन नव्हे, तो खून आहे, त्याबद्दल पुन्हा कधी.) मशीन चांगलं असलं आणि तार मोकळी असली तर रेडिओला एवढा त्रास होत नाही. त्रास होतो तो तारेला गवत-वेल टेकून तिथं ठिणगी उडते तेव्हा. ठिणगी म्हणजे काय, रेडिओच्या जन्माच्या वेळचा ट्रान्समीटरच तो. वीस मीटर तार माझी आणि हजार मीटर तार त्याची, मग काय.

पण कोणाची? पाच-सहा वावरांत मशीन आहे. बाबांचा जुना ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनच्या मधली रिकामी जागा धरली, आणि रात्री बॅटरी घेऊन निघालो धुऱ्याधुऱ्यानं. याच्यात एक युक्ती आहे. ट्रान्झिस्टरच्या आत एक काळी फेराइटची कांडी आडवी असते, ती सिग्नल येते त्या दिशेकडं टोक करून धरली की आवाज बुडतो. म्हणजे रेडिओ हळूहळू फिरवायचा, टकटक जिथं नाहीशी होते तिकडं कांडीचं टोक, मग त्या रेघेवर चालायचं, पुढं जाऊन पुन्हा फिरवायचं. पायात चिखलाचे दोन-दोन किलोचे बूट, कुत्री मागं, आणि हातात टक् टक् करणारा रेडिओ. दोघा जणांनी बॅटरी मारून विचारलं कोण होय रे, मी म्हटलं मी होय, केंद्रावाला, त्यांनी पुढं विचारलं नाही. मला वाटते मनातल्या मनात काहीतरी ठरवून टाकलं असेल.

तिसऱ्या धुऱ्यावर सापडली. पराटीच्या कडेला तारेवर एक रानवेल चढलेली, ओली, आणि सव्वा सेकंदाला तिच्यात बारीक निळी ठिणगी. रेडिओत टक्, तिथं ठिणगी. रेडिओत टक्, तिथं ठिणगी. एवढ्या दिवसांचा वैरी समोर, आणि दिसायला किती सुंदर.

दुसऱ्या दिवशी वावराच्या मालकाकडं गेलो. नात्यानं काका लागतात, सगळे काकाजी म्हणतात. मी आपलं सगळं समजावून सांगितलं, लाटा, ठिणगी, जपान. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मंग मशीन बंद करू म्हनतं? अन् डुकरं का तुह्या जपानात धाडू?" म्हटलं नाही काकाजी, मशीन राहू द्या, फक्त तारेखालचं गवत काढा. ते म्हणाले, "मजूर भेटून नाही राह्यले निंदाले, अन् तारेखालचं कोन काढते?" बरोबर होतं त्यांचं. सोयाबीनचं निंदन पडलेलं आणि हा पोट्टा रेडिओसाठी धुरा साफ करा म्हणतो.

तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी काकाजींच्या तारेखालचं गवत मी काढतो. सकाळी केंद्र उघडायच्या आधी, मशीन बंद करून, विळा घेऊन, पूर्ण धुरा. पहिल्या वेळेस अख्खी सकाळ गेली, आता दीड तासात होते. टकटक जवळजवळ बंदच झाली. आणि काकाजींचा फायदा असा की तारेतला झटका वेलीतून जमिनीत गळत होता तो थांबला. त्यांनी गवताची काडी तारेला लावून पाहिली आणि हात झटकून म्हणाले, "जोर आला बे मशीनले." बॅटरी पण जास्त टिकते म्हणतात. आता ते दुसऱ्यांना सांगतात की पोट्ट्याकडून रेडिओनं तार तपासून घ्या, आणि मागच्या महिन्यात दोघं खरंच आले होते.

एक गोष्ट मधात राहूनच गेली, पोरीची. स्पेस स्टेशनवरून कधी कधी हौशी पट्ट्यावर फोटो पाठवतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर, एसएसटीव्ही म्हणतात, आवाजात गुंडाळलेला फोटो. तारीख आधी जाहीर होते. स्टेशन साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून जाते, इकडून उगवून तिकडं मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं. डोंगलला अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन तारा व्ही सारख्या लावल्या आणि मी अन् माझी नऊ वर्षांची पोरगी स्लॅबवर. एक फोटो यायला दोन मिनिटांच्या थोडं वर लागते, एक एक ओळ वरून खाली उतरत येते, ६४० बाय ४९६ चा. पहिला फोटो अर्धा कापला गेला, दुसरा आला, मधात एक आडवा पट्टा खराब कारण तेव्हाच मी अँटेना फिरवायला उठलो होतो. मी तर पूर्ण हरखलेलो. पोरगी म्हणते, "बाबा, व्हॉट्सॲपवर याच्यापेक्षा लवकर येते." काय बोलणार. पण तिनंच मग तो खराब पट्ट्यावाला फोटो वहीत चिटकवला, प्रिंट काढायला लावून. आपला स्वतःचा पण एक हौशी उपग्रह होता, हॅमसॅट, ५ मे २००५ ला इस्रोनं पीएसएलव्हीनं सोडलेला, २०१४ पर्यंत चालला. तेव्हा मला यातलं ढ कळत नव्हतं, हे दुःख आहेच.

जुन्या हॅम लोकांना एफटी८ आवडत नाही हे पण सांगून टाकतो. एका ज्येष्ठ माणसाशी फोनवर बोललो तर ते म्हणाले याच्यात माणूस कुठं आहे, कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलतो, ना तब्येत ना हवामान ना गप्पा. मला त्यांचं अर्धं पटते. डिसेंबर २००४ मधे त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांची टीम हॅम रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरलाच होती, फोन बंद पडले आणि निरोप या लोकांनी पोचवले. तिथं तेरा अक्षरांनी काय झालं असतं, तिथं माणसाचा आवाजच पाहिजे. मोर्सचं पण तसंच, हातानं वाजवलेला मोर्स मी कॉम्प्युटरला देऊन पाहिला तर अर्धा कचरा छापते, सरावलेला कान त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला. पण उरलेलं अर्धं पटत नाही. साध्या तारेवर, जळालेल्या मोटरच्या तांब्यावर, माझ्यासारख्याला जे काही दिसते ते एफटी८ मुळंच दिसते. आवाजावर असतो तर तो पिवळा धूरच ऐकत बसलो असतो.

शिवाय आत्ता दिवस पण चांगले आहेत. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असते, सध्याचं डिसेंबर २०१९ पासूनचं आणि २०२४ च्या सुमारास ते जोरात आलं. डाग जास्त तर वरचा आयनांचा थर दाट, थर दाट तर लाटा चांगल्या परततात. सूर्य मावळला की ७ मेगाहर्ट्झवर पूर्वेकडचे येतात, तिकडं आधीच रात्र झालेली असते. १४ वर रात्री युरोप. इटली, स्पेन, रशिया. एकदा ओळखीचं झालं की आकाशाकडं न पाहता पण कळते किती वाजले.

लायसन्सची तयारी चालू आहे. दिल्लीच्या डब्ल्यूपीसीची (वायरलेसचं लायसन्स देणारं सरकारी खातं) परीक्षा, पास झालो की पहिले व्हीयू३ मिळेल. पुस्तकात ओहमचा नियम आला की आयटीआयचे दिवस आठवतात, नियम-कायद्याचा भाग मात्र पीक विम्याच्या जीआरपेक्षा सोपा वाटला. तोपर्यंत नुसतं वाचणं.

तर परवाचं सांगत होतो. सात वाजून पाच मिनिटांनी लाईन गेली, इन्व्हर्टर बंद, सगळे अंगणात. पहिल्या पंधरा सेकंदात १९ ओळी, दुसऱ्यात २६. जेए, जेए, वायबी, एक बीजी म्हणजे चीन, मग खालून उणे २२ वर एक नवाच, ४एस, श्रीलंका. एवढा जवळचा पण कधी दिसत नाही, लाट आमच्या डोक्यावरून निघून जाते. तो सीक्यू सीक्यू, म्हणजे कोणी आहे का कोणी आहे का, करत होता, कोणी उत्तर देईना. तीन वेळा केलं. मी आपला वाचतोय. चौथ्या वेळेस एका जपान्यानं त्याला उत्तर दिलं, मी खुर्चीत सरसावून बसलो, आता पुढच्या पंधरा सेकंदात तो त्याला सिग्नल किती ते सांगेल.

तेवढ्यात लाईन आली. साऱ्या शिवारातले मोटरींचे ऑटो स्टार्टर एकदम लागले, डिशचा डबा सुरू झाला, आणि पडदा वरून खालपर्यंत पिवळा. बाहेरून आई ओरडली, "गेला का रे तुहा जपान?"

लॅपटॉपची बॅटरी १४ टक्क्यांवर होती. चार्जिंगला लावला आणि उरलेलं जेवायला गेलो.